रिनाचा मळका शिपाई

आमच्या गावात नवे कपडे शिवणारे तिघे आहेत. नवे कपडे जुने करून देणारी मात्र एकटी रिना. तेही माणसांचे नाहीत, फूटभर उंचीच्या फौजी बाहुल्यांचे.

चिमूरपासून जवळच आमचं गाव. तिथं माझी पिठाची चक्की आहे आणि भिंतीपलीकडे रिनाचं शिलाई मशीन. ब्लाउज, शाळेचे गणवेश, पँटीची लांबी कमी करणं हे तिचं रोजचं काम. चार वर्षांपूर्वी तिला मोबाईलवर कळलं की शहरातले शिकले-सवरलेले लोक हातपाय वळणारे शिपाई काचेच्या कपाटात मांडतात, आणि नवाकोरा शिपाई त्यांना खोटा वाटतो. तो लढून आलेला दिसला पाहिजे. झालं! हिनं एक बाहुला मागवला. त्याची पँट चहाच्या पाण्यात बुडवली, गुडघे सँडपेपरनं घासले, बंदुकीच्या कडांवर चंदेरी ठिपके दिले, म्हणजे हाताळून काळा रंग उडालाय असं वाटावं. आता पुण्या-बंगळूरहून पार्सलं येतात.

मला हे थेर अजिबात पटले नव्हते. मी तोंडावर म्हटलं, "रिना, लोकं मळ काढाले धडपडतात, अन् तू मुद्दाम लावून राह्यली?"

"मळ लावणं सोपं नाई, कांताबाई," ती म्हणाली. "कुठी लावाचा ते समजलं पायजे."

ते मात्र खरं. पंधरा वर्षं लोकांच्या उसवलेल्या पँटी हाताखालून गेल्यावर कोणाचं कापड कुठं झिजतं हे तिला डोळे मिटूनही सांगता येतं.

रिनाचे सासरे देवाजी फौजेत होते. एकाहत्तरच्या लढाईत सरहद्दीवर होते, पण तिथली गोष्ट सांगा म्हटलं की त्यांना लगेच म्हशीला पाणी पाजायचं आठवतं. यंदा चौदा ऑक्टोबरला, धम्मचक्र प्रवर्तन दिनी, विहारात त्यांचा सत्कार ठरला, आणि समितीनं टेबलावर ठेवायला वर्दीतला फोटो मागितला. फोटो एकच होता. ट्रंक उघडली तर तो उधईनं खाल्लेला.

"राहू द्या," देवाजी म्हणाले. "मी सोता तिथी बसणार आहो. फोटो कायले पायजे?"

पण मग त्यांनी ट्रंकेच्या तळातले फोटोचे कण एकेक वेचून रुमालात बांधले. ते रिनानं पाहिलं आणि तिला राहवलं नाही. त्याच दिवशी तिनं ठरवलं, मामाजींना वर्दीतले मामाजी परत द्यायचे.

तीन आठवडे ती त्या एका शिपायामागे लागली होती. बाहुल्याचा पांढराफटक चेहरा तिनं देवाजींच्या रंगाचा केला, मिशी काढली, हिरवी वर्दी शिवली. मग भाकरी वाढता वाढता ती सासऱ्यांना खोदून विचारायची, "मामाजी, फौजेत पँटीचा कोणता गुडघा आधी फाटे?"

"डावा," देवाजी घास मोडत म्हणायचे. सून हे कशाला विचारते, याचं त्यांना काही नव्हतं.

डावा गुडघा झिजला. उजवं कोपर उडालं. नदीची रेती आणि मुरूम चाळून तिनं बोटानं पाठीवर, बुटांवर, खिशांच्या तोंडावर बसवला. तेरा तारखेला मला दाखवायला आणला, तेव्हा मी त्याला दारातल्या उजेडात धरून पाहिलं. तो थकलेला दिसत होता. प्लास्टिकचा बाहुला थकलेला दिसतो, हे मी कोणाला सांगितलं असतं तर मलाच वेड्यात काढलं असतं.

त्याच दुपारी पलीकडून रिनाची किंकाळी आली. मी पिठाच्या हातांनीच धावले.

अंगणात दोरीवर दुसऱ्या दिवसासाठी धुतलेली पांढरी लुगडी, पांढरे सदरे वाळत होते. त्यांच्या मधोमध, दोन चिमट्यांवर, टीचभर हिरवा शर्ट आणि वीतभर पँट. खाली रिनाची सासू बायनाबाई हात पुसत उभी.

"आई, हे काय केलं तुम्ही!"

"धुतलं," बायनाबाई म्हणाली. "उद्या साऱ्या गावानं धुतलेले कपडे घालाचे, अन् याले तसाच मळका नेता काय विहारात? रंग गेला काय त्याचा?"

मळ गेला होता. सगळा गेला होता. शिवाय म्हातारीनं कपडे भाताच्या पेजेत बुडवून कडक केले होते, आणि वाळल्यावर रिनाच्याच इस्त्रीनं पँटीला अशी घडी पाडली की बोट कापावं. आम्हाला दोघींना एकदम हसू आलं, आणि हसता हसताच रिना रडायला लागली.

"आता हा शाळेच्या बँडातला पोट्टा दिसते," ती म्हणाली. "मामाजी याले कायचे ओळखतात?"

दुसरा करायला वेळ नव्हता. सकाळी वंदना झाली आणि तो कडक शिपाई टेबलावर उभा राहिला. रिना खांबाआड लपली. देवाजी चष्मा लावून वाकले आणि त्यांनी पँटीच्या घडीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले,

"हा तं मी. वरोऱ्याच्या टेशनावरचा."

रिना पुढे आली. तिला ते म्हणाले, सुट्टीवर येताना गाडीतून उतरलो की आधी नळावर वर्दी धुवायचो, वाळवायचो, इस्त्रीवाल्याकडून घडी घालून घ्यायचो, मगच गावची बस धरायचो. रिनानं मोबाईलमधला आदल्या दिवशीचा मळका फोटो दाखवला. तो त्यांनी छातीजवळ धरून पाहिला.

"हाबी मीच. पण हा बायनाले नको दाखवू. तिनं मले असा कधी पाह्यला नाई."

आठवड्यानं बायनाबाई दळण घेऊन आली. चक्कीत आम्ही दोघीच होतो. मी तिची थट्टा केली, "काय वो बाई, सुनेची तीन हप्त्यांची मेहनत धुवून टाकली तुम्ही."

"भल्लं बेस केलतं तिनं," बायनाबाई म्हणाली. "पण शिवणीत काई नव्हतं."

"शिवणीत?"

"तो टेशनावर धुऊन येत जाय. त्याले वाटे, मले समजत नाई. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा धूत जाव. खिशाच्या शिवणीतून रेती निघे. एकडाव रगताची खपली निघाली, त्याच्या अंगावर तं जखम नव्हती." तिनं डब्याचं झाकण लावलं. "मी इचारलं नाई. तो एवढा धुऊन येते, तं मी कायले इचारू? रिनाले सांगजो, शिवणीत रेती टाकत जाय म्हणा. पण माया नावानं सांगू नको."

मी मान हलवली आणि तिचा डबा तिच्या डोक्यावर ठेवायला हात लावला.