पटले म्हणण्याचे काम

एरंडोलजवळच्या आमच्या गावच्या शाळेत मी मराठी तिसरीत होतो, तेव्हा वरून हुकूम आला की मुलांना नुसते पाठ करायला लावू नका, त्यांच्यात चर्चा घडवा. मास्तरांनी हुकूम तंतोतंत पाळला. त्यांनी चर्चाच पाठ करून घेतली.

विषय होता, कापूस वेचल्याबरोबर विकावा की भाव चढेपर्यंत ठेवावा. मारवाडी दुकानदाराचा मुलगा ‘ठेवावा’ म्हणणार आणि मी ‘विकावा’. शेवटी मी हात जोडून म्हणायचे, ‘आपले म्हणणे मला पटले.’ एवढ्यासाठी आठवडाभर तालीम चालली. माझा आवाज पुरेसा नम्र होत नाही म्हणून छडीही खाल्ली.

शाळा तपासायला दिपोटीसाहेब आले. ते पास करतील तोच चौथीत, आणि चौथी झाल्यावर मला जळगावच्या इंग्रजी शाळेत घालायचे घरी ठरले होते. दुकानदाराच्या मुलाने धीर धरण्याचे फायदे घडाघडा सांगितले. माझी पाळी आली, आणि हात काही जुळेनात.

‘मला नाही पटलं.’

तो बिचारा पाठ केल्याप्रमाणे पुढे म्हणाला, ‘आपणांस पटले, याचा मला आनंद होतो.’

साहेबांनी चष्मा वर केला. ‘का रे, का नाही पटलं?’

शुद्ध बोलायचे मी विसरलो. ‘त्याना घर वखार शे, साहेब. आमनं घर एक खोलीनं. कापूस घरमा भरा, तर आम्ही कोठे निजानं?’

साहेब हसले. मला वाटले, जिंकलो. ते वर्गाला म्हणाले, ‘याला उत्तर कोण देतो?’ शिकवलेले संपले होते.

मास्तर पुढे झाले. ‘मुलगा जरा मंद आहे, साहेब. धडा लक्षात राहत नाही.’

साहेबांनी मान डोलावली. मी तिसरीतच राहिलो. ‘परत तेच पाठ करायला कशाला जातोस?’ असे म्हणून वडिलांनी मला शाळेतून काढले आणि बाजारात कापसाच्या गाड्यांवर लावले. तिथे मात्र ‘नाही पटलं’ म्हणणारालाच किंमत होती. पुढे मी दलाल झालो. व्यापारी मला घाबरतात. त्यांतले बरेच मॅट्रिक आहेत.

आता जळगावला पिंप्राळ्याच्या वाटेवर माझा बंगला आहे, म्हणून त्याच शाळेचे नवे मास्तर परवा बोलावणे घेऊन आले. ‘भाऊ, मुलांना बोलतं करायचं आहे. चर्चेला अध्यक्ष तुम्हीच हवेत.’

‘नाही म्हणणारा मुलगा कोण?’

‘तो अजून नेमला नाही.’

‘नेमूच नका. विषयही आधी सांगू नका. मी येऊन फळ्यावर लिहीन.’

‘वा, पटलं, भाऊ! अगदी पटलं!’

मास्तरांचे हात आपोआप जुळले होते. मी चर्चेच्या आदल्या दिवशीच, न कळवता शाळेत जायचे ठरवले. ‘पटलं’ म्हणायची शेवटची तालीम त्याच दिवशी असते.