स्पीकरला लावलेला पापड

आमच्या घरातला स्पीकर उंदराने खाल्ला. सगळा नाही; समोरचं कापड आणि आतला काळा कागदी कोन तेवढा.

मामांना (म्हणजे माझ्या सासऱ्यांना) या जुन्या लाकडी खोक्याचा लय अभिमान. "तुमच्या मोबाइलला याची सर न्हाई," असं त्यांनी गंगाखेडला माझ्या बाबांना फोनवर ठणकावलं होतं. आणि तेच ऐकायला बाबा दुसऱ्या दिवशी येणार होते. ईवायापुढं (म्हणजे व्याह्यापुढं) नाक कापलं जायची वेळ!

परभणीच्या मिस्त्रीने हात झटकले. "इतक्या जुन्याचा कोन आता मिळत न्हाई, काका."

मी चौथी शिकलेली. पण खोका उघडा दिसल्यावर मला राहवेना. आत कागद आणि मागे लोहचुंबक. एवढंच? (मला वाटायचं, केवढं यंत्र असेल!) खोक्याला जोडलेली टेप सुरू करून फाटक्या कागदावर बोट ठेवलं, तर बोटाला गुदगुल्या! म्हणजे आवाज म्हणजे नुसती थरथर! मग ठिगळही पातळ आणि चिवट हवं. पातळ आणि चिवट असं मला एकच करता येतं.

"मामा, उडदाचं पीठ लावू का?"

"स्पीकरला?"

"लय चिकट असतंय."

"लाव माय. तसाबी मेलेलाच हाय."

पीठ कुटलं, पापडासारखं लाटलं, कोनावर बसवलं. वाळेना! इकडे बाबा एसटीत बसल्याचा फोन. शेवटी शेगडी पेटवली आणि स्पीकर वर धरून शेकला. ठिगळ वाळलं. जरा फुगलं, फोड आले, खमंग वास सुटला, पण वाळलं!

बाबा आले. मामांनी टेप लावली. आवाज आला! सर्दी झाल्यासारखा, पण आला.

"ऐका ईवाई, ऐका!" म्हणत मामांनी आवाज वाढवला. खोका करकरला, आणि ठिगळ सुटून थेट बाबांच्या धोतरावर!

बाबांनी ते उचललं, हुंगलं, मोडून तोंडात टाकलं.

"खोका ठीक हाय, ईवाई. मीठ कमी पडलंय."

मामा उसळले. "खोक्याला काय म्हणायचं ते म्हणा! आमच्या सूनबाईच्या पापडाला नाव ठेवायचं न्हाई!"

"पोरगी माझी हाय!"

"पापड आमच्या घरचा हाय!"

चहा गार झाला तरी दोघं पापडावरच. स्पीकरचं नाव कोणी काढेना. मी दाराआडून ऐकत होते. मामा इतक्या जिवावर उदार होऊन भांडत होते, की खरं सांगायचा धीर झाला नाही. मीठ मी घातलंच नव्हतं. स्पीकरला कशाला लागतंय मीठ?