पाठीवर पडलेल्या पाच जणी

भोकरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा झाडणाऱ्या धोंडाबाईंचा एक बाणा होता. पाठीवर पडलेलं जनावर दिसलं की आधी ते सरळ करायचं, मग बाकीचं बोलायचं. निम्मा जन्म शेळ्या-मेंढ्यांमागं गेलेला. चारी पाय वर झालेली मेंढी तशीच राहिली तर पोट फुगून मरते, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

दिवाळीच्या सुट्टीत प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या उर्वी मॅडम नांदेडला घरी निघाल्या आणि खाऱ्या पाण्याच्या काचपेटीतल्या पाच जेलीफिश त्यांनी धोंडाबाईंवर सोपवल्या. झाडूपलीकडचं काम बाईंच्या हाती पहिल्यांदाच आलं होतं. त्या हरखून गेल्या. एकही जीव आपल्या हातून जाऊ द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवूनच टाकलं.

मॅडमची गाडी फाटकाबाहेर पडते न पडते, तोच बाईंनी पेटीत डोकावलं. पाचही जणी तळाला उताण्या, झालरी वर. बाईंनी घरून उलथनं आणलं आणि एकेकीला अलगद पालथं घातलं. तासाभरात त्या पुन्हा उताण्या. बाईही हट्टाला पेटल्या. पाण्यात हात घातला की खाजकुयली लागल्यासारखा चुणचुणायचा, पण माघार नाही. चार दिवस हाच खेळ. पाचव्या दिवशी पाहतात तर तपकिरी रंग उडालेला, अंग आक्रसलेलं. लाज गिळून बाईंनी मॅडमना फोन लावला.

"मॅडम, लई सरळ करून राहिले, पर ह्या ऐकतच न्हाईत. मरतेत वाटतं."

मॅडमना हसू आवरेना. "मावशी, त्या उताण्याच राहतात. त्यांच्या अंगात बारीक शेवाळ असतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यांना भरवतं. पालथ्या घातल्या की शेवाळाला उजेड कुठला?"

"म्हंजी म्याच उपाशी मारलं की."

उलथनं त्याच दिवशी घरी गेलं. सकाळी पेटीवरचा दिवा लावायचा, चिमूटभर खाणं टाकायचं आणि स्टुलावर बसून त्यांची मिटणारी-उघडणारी अंगं बघायची, एवढंच काम उरलं. आठवड्यात रंग परतला. बाईंना इतका आनंद झाला की येईल त्याला त्या हाताला धरून आत आणू लागल्या. "बसल्या जागी ऊन खातेत. सरपंचाला बी असं सुख न्हाई."

सुट्टी संपली. मॅडमनी पेटीत पाहिलं. पाच होत्या, आणि तळातल्या दगडाला चिकटून वाढणाऱ्या जेलीफिशच्या कोंबातून नुकती सुटलेली, मसुरीच्या डाळीएवढी सहावी. ती मात्र सरळ पोहत होती. मॅडमनी संशयानं बाईंकडं पाहिलं.

"म्या हात न्हाई लावला," धोंडाबाई म्हणाल्या. "लेकरू हाय ते. त्याला वाटंल तव्हा पडंल उताणं."