लंडन पाच तासांवर

तिकिटं विकणाऱ्याकडं तिकिटं राहत नाहीत, किस्से तेवढे राहतात. सत्तर सालच्या आसपास मी अण्णांच्या बुकिंग ऑफिसात कारकून होतो. भिंतीवर जगाचा हा एवढा नकाशा. आम्ही दोघांनीही विमान आतून पाहिलेलं नव्हतं, पण तोरा असा की जणू आम्हीच उडवतो!

एकदा मलकापूरचे एक पाहुणे नकाशासमोर उभे. "आमचं गाव कुठं हाय ह्यात?"

अण्णांनी बोट टेकवलं. "ह्या बोटाखाली."

"मग बोट काढा की! गाव गुदमरंल!"

आता माझा पराक्रम. टाइमटेबलात विमान मुंबईहून सकाळी सहाला सुटायचं, लंडनला अकराला पोचायचं. मी वजाबाकी करून मोकळा. पाच तास! इथून मुंबईला एसटीनं अकरा तास लागायचे. म्हणजे मुंबईपेक्षा लंडन जवळ! पेठभर सांगत सुटलो.

शेजारी हमीदाखालांचं शिलाईचं दुकान. त्यांचा एकुलता एक पोरगा सलीम फाउंड्रीत फिटर. त्याला लंडनला नोकरी लागली, आणि खाला काही केल्या सोडेनात. मी म्हटलं, "खाला, पाच तास! सकाळी आठवण काढा, दुपारी जेवायला हजर!"

खालांनी मशीन थांबवलं. "पाचच? मग जाऊ दे की." अण्णांनी माझी पाठ थोपटली.

पुढं एकजण परतीचं तिकीट नाचवत आला. "येताना पंधरा तास कसं काय?" मी टाइमटेबल चाळू लागलो. अण्णा डगमगतात होय!

"जाताना उतार हाय, येताना चढ! पन्हाळ्याला कधी गेला न्हाईसा काय?"

गडी खूश होऊन गेला. दारात उभ्या खालांनीही मान डोलावली.

बिंग फोडलं कुरुंदवाडच्या एका पैलवानानं. लंडनहून परतला तो थेट ऑफिसात. "पाच तासाच्याच भाकरी बांधल्या, आन् म्होरलं पाच तास उपाशी टांगलंसा की वर!"

तिकिटासाठी बसलेल्या एका मास्तरांनी मग उलगडून सांगितलं. तिकडची घड्याळं आपल्या मागं, म्हणून हा घोळ. जायला साधारण दहा तास, यायलाही तेवढेच. अण्णा दोन दिवस हसत होते. मला हसू येईना.

माझ्याच शब्दावर खालांनी पोरगा सोडला होता. सहा वर्षांत तो एकदाही आला नव्हता. पत्रं आधी महिन्याला यायची, मग फक्त ईदेला. खालांनी अंथरूण धरलं तेव्हा मी त्याला तार केली. उत्तर आलं, पुढच्या वर्षी नक्की येतो.

मला राहवेना. जाऊन त्यांच्या उशाशी बसलो. "खाला, चुकलो मी. पाच नव्हे, दहा तास लागतात. आणि चढबिढ काही नाही. जाताना जेवढे, येताना तेवढेच."

खालांनी मान माझ्याकडं वळवली. "तेवढंच लागतंय?"

"व्हय, खाला."

त्यांनी माझा हात धरला. "आरं बाळ, तू आपला चढच हाय म्हण की."