माणसाच्या मापाची सेटी

कुणाच्याही घरी गेल्या तरी आमच्या सेटीकाकू आधी बसायच्याच नाहीत. घरची बाई "बसा ना, बसा ना" करत राहायची आणि काकू कमरेत वाकून तिच्या कोचाच्या खाली डोकावत असायच्या. एका बारशाला तर त्यांनी बाळाआधी दिवाण बघितला. मी हळूच पदर ओढला, तर म्हणाल्या, "माणसाचं तोंड बघावं आणि लाकडाचं पोट. वरून काय गं, सगळेच पावडर लावून बसतात."

त्यांचं खरं नाव खालच्या पत्रपेटीवर लिहिलेलं होतं, पण गंगापूर रोडच्या आमच्या सोसायटीत ते कुणी वापरलं नाही. यजमान ओझरच्या विमान कारखान्यात, त्यामुळे सगळा संसार तिथल्या कॉलनीत झाला. कुणाची बदली झाली की सामान विकायला निघायचं. बाकीच्या बायका लोखंडी कपाटावर तुटून पडायच्या आणि काकू कोपऱ्यात पडलेली जुनी सागवानी सेटी, म्हणजे पाठ आणि हात असलेला लाकडी बाक, घरी आणायच्या. यजमान गेले, मुलगा हैदराबादला स्थायिक झाला आणि काकू आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आल्या त्या सहा सेट्या घेऊन. लिफ्टमध्ये एकही मावेना. "अरे सावकाश, तिचा पाय! तिचा पाय सांभाळा!" असा जिन्यातून आरडाओरडा ऐकून मी धावत बाहेर आले. मला वाटलं, घरातली कुणी आजारी बाई आहे.

भद्रकालीत जुन्या लाकडी सामानाची दुकानं आहेत, तिथे त्या मला शनिवारी घेऊन जायच्या. सेटीचा पुढचा एक पाय त्या चार बोटं उचलायच्या. दुसरा पायही लगेच उचलला गेला तर सांधे घट्ट. तो मागेच रेंगाळला तर "हिचे सांधे सुटलेत, चला." खाली पिठासारखा ताजा भुसा दिसला की कीड जिवंत आहे असं समजायचं. आणि शेवटी त्या तिथेच बसून चहा मागवायच्या. चहा संपेपर्यंत अंग सावरून बसावंसं वाटलं, तर ती सेटी आपली नाही. दुकानदार हात जोडायचे. मला तेव्हा ही सगळी थेरं वाटायची, खोटं कशाला बोलू!

कारण माझ्या हॉलमध्ये ऑनलाइन मागवलेला राखाडी सोफा होता. बुटका, ऐसपैस, एकदम मॉडर्न. त्याचे फोटो मी आठवडाभर स्टेटसला ठेवले होते. काकू एकदाच त्याच्यावर बसल्या, मग माझा हात धरून कशाबशा उठल्या आणि म्हणाल्या, "हा बसायला बोलावतो, पण उठायला मदत करत नाही." मला असा राग आला म्हणून सांगू! दोन दिवस मी त्यांना जिन्यात फक्त हसून दाखवलं.

मग अण्णा आले. अण्णा म्हणजे माझे सासरे. सगळी हयात सायखेड्याला शेतीत गेली. आता द्राक्षबाग थोरले दीर बघतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं की चार महिने नाशकातच राहून व्यायाम करायचा, हयगय केली तर पाय कायमचा आखडेल. अण्णांची एक रीत होती. दारात माणूस दिसला की उठून उभं राहायचं, मग तो व्याही असो की गॅसवाला. एका रविवारी त्यांचे गावचे मित्र भेटायला आले. अण्णांनी जोर केला, अर्धे उठले आणि धप्पकन मागे पडले. पुन्हा तेच. शेवटी विलासने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, आणि त्या मित्राने काखेत हात घालून त्यांना ओढून काढलं. सगळे हसले, अण्णाही हसले. पण दुसऱ्या दिवसापासून ते हॉलमध्ये आलेच नाहीत. चहासुद्धा आत. चौथ्या दिवशी म्हणाले, "सूनबाई, मला गावी सोडा. तिथं ओटा हाय, माणसाला उठता तरी येतं."

गावी गेले की व्यायाम सुटणार हे आम्हाला लख्ख दिसत होतं. विलास समजावून थकला. मी गपचूप वर गेले आणि काकूंना सगळं सांगितलं.

काकू टेप घेऊनच खाली आल्या. अण्णा संकोचले. "अहो अण्णा, सूट शिवायचा नाहीये, गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं माप द्या फक्त," काकू म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "बायका हॉलचं माप घेऊन दुकानात जातात. बसणार हॉल आहे का?"

देवळालीत एक जुना बंगला रिकामा होत होता. तिथे दोन सेट्या होत्या. एक नक्षीची, पाठीवर वेली, हातांवर पोपट, लाल मखमल. मी तर जाग्यावरच विरघळले. दुसरी साधी, वेताने विणलेल्या बैठकीची, कचेरीतून निवृत्त झाल्यासारखी. काकूंनी नक्षीवाल्या सेटीवर बसून बघितलं. "हिचे हात निम्म्यातच संपतात. उठताना अण्णांनी धरायचं काय, पोपट?" साध्या सेटीचे हात पुढे गुडघ्यापर्यंत येत होते आणि टोकाला मुठीत मावतील असे गोल होते. उंची मापाला माप जुळली. मी गाडीत तोंड पाडून बसले, पण घरी आली ती साधीच.

ती आली त्याच संध्याकाळी काकू नातवाच्या मुंजीसाठी हैदराबादला गेल्या. अण्णा म्हणाले, पॉलिशचा वास गेला की बसतो. आणि तेवढ्या वेळात मी शहाणपणा केला. ती सेटी माझ्या सोफ्याशेजारी इतकी उंच दिसायची, पंगतीत एकटाच वाढपी उभा असावा तशी! विलास अण्णांना डॉक्टरांकडे घेऊन गेला असताना मी सुताराला बोलावलं आणि चारही पाय चार-चार बोटं कापायला सांगितले. त्याने दोनदा विचारलं, "ताई, नक्की ना? कापलेलं परत जोडता येत नाय." मी म्हटलं, "तुम्ही कापा हो!" कापल्यावर दोन्ही अगदी एका रेषेत आले. मी फोटोही काढला.

दुसऱ्या दिवशी अण्णा धुतलेला सदरा घालून हॉलमध्ये आले. सेटीवर बसले, हातांवरून हात फिरवले, खूश झाले. मग उठायला गेले. एकदा, दोनदा, तीनदा. चेहरा उतरला. "काकूंनी एवढी मापाची आणली," ते हळू आवाजात म्हणाले, "तरी उठता येईना. पायच कामातून गेला माझा." मी त्यांना हात दिला आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. आज लिहितानाही लाज वाटते. दोन दिवस मी तशीच गप्प बसले आणि आत अण्णा पिशवी भरत होते.

काकू परतल्या. दारातूनच त्यांची नजर खाली गेली. "किती कापलंस?"

"चार बोटं."

"अण्णांना सांगितलंस?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मग आधी ते सांग. लाकडाचं नंतर बघू."

बस्स, एवढंच. एक शब्द रागाचा नाही. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी आत गेले आणि अण्णांसमोर रडत रडत सगळं ओकले. "म्हंजी माझा गुडघा शाबूत हाय?" त्यांनी विचारलं. "सेटीच बुटकी केली व्हय तू?" आणि असे खदखदा हसले की विलास आंघोळ टाकून बाहेर आला. "अगं पोरी, मला वाटलं मी संपलो!"

काकूंनी त्याच सुताराकडून चार ठोकळे करून घेतले, वर खोबण, तिच्यात पाय घट्ट बसेल असे. नवं लाकूड पिवळं दिसत होतं. मी गडद पॉलिश मारू का विचारलं, तर म्हणाल्या, "राहू दे दिसत. पुन्हा करवत मागवशील तेव्हा आठवण राहील."

मग काकूंचा अंमल सुरू झाला. बैठकीवर फोम नाही, कापसाची पातळ गादी. प्लॅस्टिकचं कव्हर तर मुळीच नाही. ओल धरणाऱ्या भिंतीपासून वीतभर पुढे. आणि मुख्य म्हणजे रोज बसायचं. "जुनी वस्तू मांडून ठेवली की रुसते, वापरली की टिकते," असं त्या अण्णांकडे बघून म्हणायच्या, आणि अण्णा तो टोला हसत झेलायचे. सकाळ-संध्याकाळ दहा वेळा ऊठ-बस, काकू समोर मोजायला. आधी विलास हात द्यायचा, मग नुसता शेजारी उभा राहायचा, मग पेपर वाचत बसायला लागला. पिशवी परत माळ्यावर गेली आणि चार महिने सरले तरी खाली उतरली नाही. राखाडी सोफा मी गावी पाठवून दिला. तिथे आता पोरं त्याच्यावर उड्या मारतात.

गेल्या दिवाळीनंतर मुलाने काकूंना कायमचं हैदराबादला नेलं. वय झालं होतं, एकटीने राहणं जमेना. जायच्या आधी त्यांनी सहाही सेट्या वाटून टाकल्या आणि प्रत्येक घरी आधी माणसांची मापं घेतली. निघायच्या दिवशी त्या आमच्याकडे आल्या. माझ्या गालावरून हात फिरवला, मी पाया पडले. अण्णा हलायला लागलेले बघून म्हणाल्या, "उठू नका हं अण्णा, बसूनच निरोप द्या."

"बसून निरोप द्यायची आमच्यात रीत नाय," अण्णा म्हणाले.

त्यांनी सेटीच्या हातांवर दोन्ही मुठी आवळल्या. विलास पुढे झाला, त्याला त्यांनी नजरेनेच थांबवलं. बाहेर लिफ्ट आली, दार उघडलं आणि आपोआप मिटलं. काकू जागच्या हलल्या नाहीत. "सावकाश," त्या म्हणाल्या, "मला घाई नाही." अण्णा उठले, सदरा खाली ओढला आणि चालत दारापर्यंत आले. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला. काकूंच्या डोळ्यांत पाणी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, माझं तर केव्हाच वाहत होतं.

लिफ्ट खाली गेली. अण्णा चौकटीला हात न लावता तसेच उभे होते. मी म्हटलं, "अण्णा, चला आत."

"थांब की," ते म्हणाले. "गाडी फाटकाबाहेर जाऊ दे. मग बसतो."