मामांचा घडीचा चाकू

मुलीसाठी स्थळं बघताना आमच्यात लोकांच्या चपला झिजतात हे मान्य, पण एका चाकूसाठी अकरा वर्षं चपला झिजवणारा माणूस हुबळी-धारवाडात एकच झाला, आणि तो म्हणजे माझ्या बायकोचा मामा. मी जावई म्हणून त्या घरात आलो तेव्हा आठ वर्षं सरली होती. उरलेली तीन मी डोळ्यांनी पाहिली. आणीबाणी उठली, सरकार बदललं, माझ्या घरात दोन मुलं झाली, पण मामांना मनाजोगता चाकू काही मिळेना. आता तुम्ही म्हणाल, चाकू तो चाकू, त्यात एवढं काय बघायचं? हा प्रश्न मी एकदा मामांना विचारला होता. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की शाळेत चौतीस पोरांना धाकात ठेवणारा मी, निमूटपणे आतल्या खोलीत जाऊन बसलो.

मामा दाजीबानपेठेत एका कापडाच्या पेढीवर होते. होते म्हणजे बसलेले नव्हते, तो माणूस बसलेला मी जेवणाच्या पाटाखेरीज पाहिला नाही. सकाळी ट्रकवर चढून गठ्ठे मोजायचे, खाली उतरून त्यांच्या सुतळ्या कापायच्या, दुपारी नमुने काखेत मारून धारवाडची बस धरायची, संध्याकाळी परत. अंगानं हाडकुळे, पांढरा शर्ट, पायजमा, डोक्यावर काळी टोपी, आणि शर्टाच्या खिशात चाकू. दिवसाकाठी त्यांना तो पन्नास वेळा लागायचा, आणि उरलेला सगळा वेळ तो खिशात उड्या मारायचा. म्हणून त्यांचा सिद्धांत असा होता: "खिशात असताना आहेसं वाटू नये, आणि हातात घेतल्यावर दुसरा असावासं वाटू नये." म्हणजे वजनाला फूल आणि कामाला पोलाद. ऐकायला सोपं आहे, पण बाजारात जाऊन मागून बघा.

वजनदार घेतला तर महिन्यात खिसा उसवायचा. मामी टाके घालता घालता म्हणायच्या, "एवढ्या दोऱ्यात माझी एक चोळी झाली असती!" हलका घेतला तर पातं सुतळीला टेकताच लाजल्यासारखं वाकायचं. एकाची कळ इतकी सैल होती की माझ्याच लग्नाच्या पंगतीत, ऐन जिलबीच्या वेळी, तो खिशातल्या खिशात आपोआप उघडला आणि मामा "अय्यो अप्पा!" म्हणून ताठ उभे राहिले. पंगतीला वाटलं, मामा उखाणा घेणार. सगळे हात थांबवून बघत राहिले! शेवटी मामांनी टोपी सारखी केली, खाली बसले आणि म्हणाले, "वाढा, वाढा." एका दुकानदारानं त्यांना परदेशी थाटाचा, आठ पात्यांचा चाकू दाखवला. त्यात कात्री होती, पेचकस होता, बाटली उघडायचा आकडा होता. मामांनी एकेक पातं बाहेर काढून पाहिलं, परत मिटलं आणि म्हणाले, "वरात चांगली आहे. यात नवरदेव कुठला?"

चाकू पारखायची त्यांची पद्धतही वेगळीच. तो खिशात घालायचा आणि दुकानाच्या पायऱ्या वीस वेळा चढायच्या-उतरायच्या, मग पेठेच्या टोकापर्यंत झपाझप जाऊन यायचं. दुकानदाराला आधी वाटायचं, माल घेऊन पळाला. पुढे पुढे मामा दिसले की काही दुकानदार चाकूंची पेटीच खाली सरकवायचे. "संपले री, कालच संपले," असं कन्नडात सांगायचे, आणि मामा त्यांच्याच काचेवर बोट ठेवून विचारायचे, "मग ह्या काय, काकड्या?"

अखेर अकराव्या वर्षी कमरीपेठेतल्या कल्लप्पा लोहारानं हा घोर संपवला. कल्लप्पा मामांपेक्षा वीस वर्षांनी लहान, बोलायला कंजूष आणि हाताला सोनं. मामा रोज जाऊन त्याच्या भात्याशी बसायचे, (म्हणजे जेवणाखेरीज तिथंही बसायचे, हे मला नंतर कळलं,) सूचना करायचे आणि तो "हूं" म्हणायचा. दोन पाती त्यानं स्वतःच मोडून टाकली, तिसरं लालबुंद तापवून त्याला पाणी दिलं. शिंगाची मूठ, बोटाएवढं पातं, कळ अशी की एका अंगठ्यानं उघडावी आणि धक्क्यानं मात्र कधी उघडू नये. मामांनी तो खिशात घातला आणि थेट चालत दाजीबानपेठ गाठली. तिथं खिसा चाचपून घाबरले, वाटेत पडला म्हणून! इतका हलका. धावत परत गेले, तर खिशातच होता. कल्लप्पा म्हणे त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा हसला. "भाळ छलो अद," एवढंच मामा म्हणाले, फार चांगला आहे, आणि त्यांचे डोळे भरून आले. तेव्हापासून दोघांचं असं मेतकूट जमलं की दसऱ्याला बन्नीची पानं, म्हणजे आपलं सोनं, मामा घरच्यांच्या आधी कल्लप्पाला द्यायला जायचे.

त्या चाकूचे दोन नियम होते. पहिला: "कापायचं ते चाकूनं, उचकटायचं ते पहारीनं." दुसरा आपल्या सगळ्यांच्याच घरचा: चाकू हातातून हातात द्यायचा नाही, नातं तुटतं. देणाऱ्यानं खाली ठेवायचा, घेणाऱ्यानं उचलायचा. तो चाकू मामा कुणालाही देत नसत. मामींना कांद्यालासुद्धा नाही. फक्त मला देत. जावई ना मी! ओट्यावर ठेवायचे आणि म्हणायचे, "घ्या जावईबापू, तुमचाच आहे."

आता जे सांगायचंय त्यासाठी हे सगळं इतकं लांबवलं, हे तुमच्या लक्षात आलं असेल. लाज वाटणारा माणूस असाच बोलतो, आधी दुसऱ्यांच्या गमती सांगतो.

गणपतीच्या आधी दोन दिवस मी चौरंग रंगवायला घेतला. मखराच्या सुतळ्या कापायला मामांचा चाकू आणला होता. निळ्या रंगाच्या डब्याचं झाकण काही केल्या निघेना. पहार शेजाऱ्यांकडे होती, चार पावलांवर. मला तेवढाही आळस आला. चाकूचं टोक झाकणाखाली घातलं, मुरगळलं, आणि कट्‌ असा आवाज झाला. झाकण निघालं. टोक डब्यात पडलं आणि निळ्या रंगात बुडालं. करंगळीच्या नखाएवढं टोक. मी काय करावं? पातं पुसलं, चाकू मिटला आणि संध्याकाळी मामांच्या ओट्यावर नेऊन ठेवला. हातात दिला असता तर त्यांच्या हाताला वजनातला फरक तिथंच कळला असता. पण चाकू हातात द्यायचा नसतो, नाही का! रीत पाळून मी वाचलो. मामांनी विचारलं, "झालं काम?" मी म्हटलं, "झालं. जसा नेला तसा आणलाय, मामा." विचारलं नव्हतं तेवढंही बोललो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेढीवर चाकू उघडला आणि टोक दिसेना. आदल्या दिवशी सकाळी, मी चाकू न्यायच्या आधी, फोडलेल्या गठ्ठ्यांत कुठं तरी मोडून राहिलं, अशी त्यांची समजूत झाली. कुणा बाईच्या हातात घुसेल म्हणून त्या माणसानं एकट्यानं सगळी लुगडी घडी मोडून झटकली आणि पुन्हा घड्या घातल्या. दिवेलागण झाली तरी जेवले नव्हते. मग कल्लप्पाकडे गेले. तिथं काय झालं ते त्यांनीच दोन दिवसांनी आमच्याकडे, गणपतीच्या आरतीनंतर, रागारागानं सांगितलं. "कल्लप्पा म्हणतो, अण्णा, हे पातं कापताना मोडलेलं नाही, कुणीतरी मुरगळलंय. मी म्हटलं, माझ्या चाकूला जावयाशिवाय कुणाचा हात लागलेला नाही, आणि आमचा जावई मास्तर आहे, खोटं बोलणारा माणूस नव्हे! तुझंच पाणी कच्चं! आजपासून तुझी पायरी चढणार नाही." मामींनी कौतुकानं माझ्या ताटात आणखी एक मोदक वाढला. मी तो खाल्ला, आणि तेही निळ्या चौरंगासमोर बसून. आजही त्या मोदकाची आठवण झाली की मला स्वतःची किळस येते.

महिनाभर मी रोज सांगायचं ठरवत होतो. रोज उद्यावर ढकलत होतो. खंडेनवमीला मामांच्या घरी गेलो तर पाटावर शिवणयंत्र, कात्री, विळी आणि मधोमध तो मोडका चाकू, हळदकुंकू लावलेला, वर झेंडूचं फूल. मामा म्हणाले, "आजारी असला तरी घरचाच." दुसऱ्या दिवशी दसरा. उन्हं कलली तशी मामांनी टोपी घातली, बन्नीची पानं मुठीत घेतली आणि सवयीनं कमरीपेठेच्या दिशेला वळले. उंबऱ्याबाहेर एक पाऊल टाकलं आणि थांबले. मग मागं फिरले आणि पानं माझ्यापुढं धरून म्हणाले, "यंदा पहिलं सोनं तुम्हाला, जावईबापू."

ते मात्र मला घेववेना. मी म्हटलं, "मामा, चाकू मी मोडला. रंगाचा डबा उघडताना."

मामांनी पानं पुन्हा मुठीत मिटली. मग त्यांनी एकच विचारलं, "डबा उघडला का?"

"उघडला."

"हं. म्हणजे पाणी कच्चं नव्हतं," ते म्हणाले आणि चालू लागले. मी मागोमाग. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं! कल्लप्पाच्या दारात पोचल्यावर, मी तोंड उघडायच्या आत, सत्तरीला टेकलेला तो माणूस वीस वर्षांनी लहान लोहारापुढं वाकला. "कल्लप्पा, चूक माझी. बन्नी तगोंडु बंगारदंग इरोणु." बन्नी घेऊन सोन्यासारखं राहू या, असं तिकडं दसऱ्याला म्हणतात. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. कल्लप्पानं त्यांना दोन्ही हातांनी उठवलं, "इरलि बिड्री अण्णा," राहू द्या हो, म्हणाला, आणि माझ्याकडे एकदा पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं. मग त्यानं पेटीतून नवं पातं काढलं. भांडणाच्या दुसऱ्याच दिवशी करून ठेवलं होतं त्यानं. मी तिथं उभा राहून बोलायला हवं होतं. नाही बोललो. मामांनी झाकलं आणि मी झाकून घेतलं.

त्यानंतरही मामा मला चाकू देत राहिले, तसाच ओट्यावर ठेवून. आधी फक्त एक विचारायचे, "डबा-बिबा नाही ना?" आणि मिश्कील हसायचे. मामींनासुद्धा त्यांनी अखेरपर्यंत सांगितलं नाही. मामी मला मोदक वाढतच राहिल्या.

आमच्या घरात टीव्ही आला त्या वर्षी मामा अंथरुणाला खिळले. एका दुपारी मला जवळ बोलावलं, उशीखाली चाचपलं आणि चाकू काढून माझ्यापुढं धरला. सवयीनं मी म्हटलं, "मामा, खाली ठेवा ना. हातात देऊ नये, नातं तुटतं."

त्यांनी माझा हात ओढला, चाकू तळव्यावर ठेवला आणि वरून माझी मूठ मिटली.

"तुटायचं असतं तर तेव्हाच तुटलं असतं, जावईबापू," मामा म्हणाले.

तो आता माझ्या खिशात असतो. इतका हलका आहे की दिवसातून दहा वेळा मी खिसा चाचपून बघतो.