चकव्याचा तळ मोजणाऱ्या कांबळेबाई

डॉ. सुलोचना कांबळे यांच्याशी माझा परिचय फोनवर झाला आणि सुरुवात त्यांच्या रागावण्याने झाली. उत्तनजवळच्या चौक गावासमोर समुद्रात एका जागी चकवा लागतो, होड्या फिरून फिरून तिथेच येतात, अशी बातमी मी आमच्या दैनिकात दिली होती. मथळ्यातला ‘भूत’ हा शब्द माझाच. सकाळी फोन आला. पलीकडच्या बाईंनी नाव सांगितलं आणि थेट विचारलं, “तुमच्या त्या भुताखाली पाणी किती वाव आहे?” वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होतं तेवढं अंतर. मोजलेलं नाही, असं मी कबूल केलं. संध्याकाळी चहाला बोलावणं आलं.

बाई मूळच्या मराठवाड्यातल्या. समुद्र त्यांना पहिल्यांदा भूगोलाच्या पुस्तकात भेटला. पुढे सारी नोकरी संशोधन जहाजांवर समुद्राचा तळ मोजण्यात गेली. निवृत्तीनंतर त्या तिथून जवळच, हाटकेशला राहायला आल्या. त्या संध्याकाळी त्यांनी फिरत्या खुर्चीवर पाण्याची परात ठेवली, तीत जरा कडेला एक वाटी पालथी घातली. वाटीवर दोन बोटं पाणी. त्यावर हळद भुरभुरली, खुर्ची बराच वेळ संथ फिरवली आणि मग किंचित हळू केली. हळद वाहत आली आणि वाटीच्या बरोबर वर पोचताच दुभंगून दोन बाजूंनी निघून गेली. अडवायला तिथे काहीच नव्हतं. बाई शांतपणे म्हणाल्या, “फिरत्या पृथ्वीवर खोल समुद्रातला डोंगर पाण्यासाठी असाच वरपर्यंत असतो. फक्त दिसत नाही.”

चौकसमोरचं पाणी उथळ. तिथला मामला वेगळा, हेही त्यांनी लगेच बजावलं. भरती-ओहोटीचा ओघ बुडालेल्या टेकाडाला वळसा घालतो आणि त्याच्या आडोशाला भोवरा धरतो. मी संस्कृत शिकलेला. आम्हांला धूर पाहून डोंगरावरच्या आगीचं अनुमान करायला शिकवतात. बाई पाणी पाहून डोंगराचंच अनुमान करतात. मी हे ऐकवलं तेव्हा त्या म्हणाल्या, “अनुमान झालं की मोजायचं असतं, शास्त्रीबुवा.” हे नाव मला तेव्हापासून चिकटलं आहे.

मोजायची त्यांची रीत सोपी. दोरीला शिसं, शिशाच्या बुडाला मेण. तळाची वाळू किंवा चिखल मेणाला चिकटून वर येतो. पण त्याआधी त्या तांडेलांना, म्हणजे होड्यांच्या म्होरक्यांना, विचारत, जाळी कुठे फाटली? जाळं फाटतं तिथे खडक असतो, आणि खडक असतो तिथे मासळी. म्हणून अशा जागा सख्ख्या भावालाही सांगत नाहीत. बाईंना मात्र एकेकाने सांगितल्या. तो नकाशा त्यांच्या कपाटात कुलपात असतो. मी वार्ताहर असूनही मला तो बरीच वर्षं दिसला नाही, यातच त्यांचं चारित्र्य आलं.

तो बाहेर निघाला एकदाच. पावसाळा संपल्यावरची गोष्ट. पावलू तांडेलांचा धाकटा भाऊ बस्त्याव छोट्या होडीतून एकटा गेला आणि दुसऱ्या दिवशीही परतला नाही. लोकांनी वाऱ्याच्या दिशेने शोधलं. बाईंनी मला स्कूटर काढायला लावली, चौकला जाऊन नकाशा पावलूंपुढे उलगडला आणि बोट ठेवलं ते ‘मुक्या पाण्या’वर. माझ्या बातमीतल्या चकव्याची हीच जागा; तिचं नाव गावात कोणी होडीत बसल्यावर घेत नाही. पावलूंनी नकाशा बाईंकडे परत सरकवला.

“बाय, तिकडं गेलेला परत येत न्हाय.”

“येत नाही, कारण तिथून आणायला कोणी जात नाही,” बाई म्हणाल्या.

पावलूंनी आम्हा दोघांना होडीत घेतलं आणि इंजिन सुरू केलं.

दुपार होती, पण धुरकट हवेत किनारा पुसट झाला होता. एका ठिकाणी लाटा संपल्या. पाणी तेलासारखं सपाट. त्यावर एक चप्पल, थर्माकोलचे तुकडे, झेंडूचा हार, सगळं एकाच दिशेने, घाई न करता फिरत होतं. बाईंनी इंजिन बंद करायला सांगितलं. मग दीपगृह डावीकडून उजवीकडे सरकू लागलं, आणि मला उमगलं की आता आपणही त्या हाराच्या रांगेत आहोत.

बस्त्याव दिसला. इंजिन बंद पडलेलं, नांगराची दोरी तुटलेली. तो मात्र सुकाणूवर हात ठेवून ताठ बसला होता. आम्हाला पाहून त्याला नवल वाटलं नाही.

“दादूस, मी सरळच चाललोय,” तो म्हणाला. “घरच येत न्हाय.”

बाईंनी त्याच्या अंगावर स्वतःची शाल घातली, घोट घोट पाणी पाजलं. आणि आलोच आहोत तर म्हणून शिसंही सोडलं. चार वाव भरले. होडी जरा सरकली, नऊ भरले. तिसऱ्यांदा दोरी संपली, तळ लागला नाही. पावलूंनी छातीवर क्रूसाची खूण केली. बाईंनी वहीत लिहिलं, ‘ठाऊक नाही.’

नकाशात तेवढी बोटभर जागा अजून कोरी आहे. पुष्कळांनी तिथे काही ना काही रेखाटलं असतं. मी तर भूतच बसवलं होतं. बाईंनी तिथे न मोजलेला आकडा कधी लिहिला नाही. मात्र तेव्हापासून चौकमध्ये कोणी परतलं नाही, की पहिली होडी मुक्या पाण्याकडे जाते.

यंदा बाई पंच्याहत्तरीत आल्या. लांब दोरी घेऊन पुन्हा जायचं म्हणतात. त्यांनी आता जपावं, असं पावलूंकडून वदवून घ्यायला मी बाईंना घेऊन गेलो, तर ते बाईंना हसून म्हणाले, “जा बाय, खुशाल जा. हरवलीस तरी जागा आमाला ठाव हाय. आणाया येऊ.”

याहून मोठा गौरव मला लिहिता येत नाही. बाईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. ती बोटभर जागा भरायला त्यांना पुष्कळ फेऱ्या पडोत, आणि प्रत्येक फेरीत घर येवो.